दहावीची वही, नववीचा मोबाइल

दहावीची परीक्षा संपली की गणिताच्या वह्या रद्दीत तरी जातात किंवा धाकट्या भावंडाच्या दप्तरात. आता त्यांचे फोटो आणि पीडीएफ शाळेच्या, वाडीच्या किंवा क्लासच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही फिरतात. पुणे जिल्ह्यातल्या मावळात ही रीत उपयोगी पडते त्याला भूगोल कारण आहे. अंदर मावळ, नाणे मावळ आणि पवन मावळ या खोऱ्यांतल्या बहुतेक गावांत जिल्हा परिषदेची शाळा चौथी किंवा सातवीपर्यंतच असते. पुढे कामशेत, वडगाव, तळेगाव किंवा लोणावळा गाठावे लागते. गावाकडची शेवटची एसटी चुकवून क्लासला थांबणे सगळ्यांना जमत नाही. अशा मुलाला रात्री घरी बसून वाचता येणारे टिपण हवे असते.

मोठ्या मुलांनी लहानांना शिकवणे महाराष्ट्राला नवे नाही. पंतोजींच्या शाळेत धूळपाटीवर गिरवणाऱ्या लहानग्यांकडून पाढे, पावकी, निमकी घोकून घेण्याचे काम मोठ्या मुलांकडेही असे. मद्रासजवळच्या देशी शाळेत वाळूवर अक्षरे गिरवणारी मुले पाहून स्कॉटिश पाद्री अँड्र्यू बेल यांनी तिथल्या अनाथालयात हीच पद्धत राबवली आणि १७९७ साली लंडनमध्ये तिच्यावर पुस्तिका काढली. पुढे इंग्लंडातल्या गरिबांच्या शाळा तिच्यावर चालल्या. स्वस्तात शिकवायची ही युक्ती होती हे खरे, पण तिच्यात एक मर्म होते. नुकत्याच शिकलेल्या मुलाला आपण कुठे अडलो होतो ते अजून आठवत असते. वीस वर्षे शिकवणाऱ्याला ती अडचण अनेकदा दिसेनाशी होते.

अंकगणिती श्रेढीचे उदाहरण घ्यावे. पहिले पद ५, सामान्य फरक ३, तर विसावे पद किती? उत्तर ६२. बरीच मुले ६५ लिहितात, कारण ती विसाला तिनाने गुणून त्यात पाच मिळवतात. गाइडमध्ये सूत्र आणि उत्तर छापलेले असते, चूक छापलेली नसते. चांगल्या टिपणात वीस ठिपके काढलेले असतात, दोन शेजारी ठिपक्यांमध्ये एकेक उडी दाखवलेली असते आणि समासात लिहिलेले असते की पदे वीस, उड्या एकोणीस. एवढ्या एका ओळीसाठी ते टिपण जपून ठेवावे. उलट, खाडाखोड टाळून मोत्यासारख्या अक्षरात उतरवलेली ‘फेअर’ वही दिसायला सुरेख असते, पण नेमकी हीच ओळ तिच्यातून गळते. आणि सगळ्यात जास्त फॉरवर्ड तीच होते.

भूमितीत अडचण वेगळी असते. पेन्सिलीची आकृती व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवली की पुसट होते, कंसांच्या खुणा दिसत नाहीत. तेच पान डॉक्युमेंट म्हणून पाठवले तर रेषा शाबूत राहतात. अनेक घरांत मोबाइल एकच असतो आणि तो कामावरून परतणाऱ्या वडिलांबरोबर संध्याकाळी येतो. डोंगराआडच्या वाड्यांत रेंज जेमतेम, त्यात पावसाळ्यात वीज जाते. तिथे अर्ध्या तासाच्या व्हिडिओपेक्षा एकदा उतरवून घेतलेली चार पाने कामाची. सेमी-इंग्रजीच्या मुलांसाठी त्याच पानांवर ‘समरूपता’ आणि ‘सिमिलॅरिटी’ दोन्ही लिहिलेले बरे.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा या देवाणघेवाणीने जोर धरला. त्या वर्षी दहावीचा भूगोलाचा पेपर रद्द झाला, तर २०२१ मध्ये परीक्षाच रद्द होऊन अंतर्गत मूल्यमापनावर निकाल लागला. परीक्षा पुन्हा सुरू झाल्यावरही ग्रुप तसेच राहिले.

काय पाठवावे याला मर्यादा आहेत. बालभारतीची पुस्तके संकेतस्थळावर मोफत मिळतात, त्यामुळे त्यांची पाने स्कॅन करण्यात अर्थ नाही. बाजारातल्या गाइडची पाने ग्रुपवर टाकणे हा प्रकाशकाच्या हक्काचा भंग ठरू शकतो. स्वतःच्या शब्दांत सोडवलेले उदाहरण मात्र ज्याचे त्याचे असते. पाठवण्याआधी पानावरचे नाव, शाळा आणि बैठक क्रमांक झाकावा. ग्रुपमध्ये मोबाइल क्रमांक सगळ्यांना दिसतात, म्हणून लहान मुलींच्या बाबतीत पालकांचा क्रमांक वापरलेला चांगला.

टिपण शिळेही होते. दहावीचे गणिताचे पुस्तक २०१८ मध्ये बदलले, तरी त्याआधीच्या अभ्यासक्रमाच्या पीडीएफ अजून फिरतात. ‘अर्थनियोजन’ या प्रकरणात वस्तू व सेवा कराची उदाहरणे आहेत. २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे गेले, मुख्यतः ५ आणि १८ उरले. आकडेमोडीची रीत तीच राहते, पण दुकानातल्या बिलाशी जुने उदाहरण जुळेनासे झाले की मुलगा स्वतःच्या गणितावर शंका घेतो. त्यामुळे पहिल्या पानावर इयत्ता, माध्यम आणि वर्ष घातलेले असावे.