एकटीची भूक

राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदातला दुसरा खंड वाचताना आपल्या मनात आधी जात येते, आणि ते बरोबरच आहे. दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं, हॉटेलं, करमणुकीची ठिकाणं इथे केवळ धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून कुणालाही अडवता येणार नाही, असं तो सांगतो. उपाहारगृहाचं नाव मूलभूत हक्कांत का घालावं लागलं, हे महाराष्ट्राला समजावून सांगायची गरज नाही. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहा घेतला म्हणून रानडे-टिळकांच्या मागे ग्रामण्य लागलं होतं; कुणाच्या हातचं आणि कुणाच्या शेजारी बसून खायचं, हा इथे धर्माचा प्रश्न होता. पण त्याच यादीत लिंगही आहे, आणि तिकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. आपल्याकडच्या साध्या हॉटेलांना ‘बायकांना प्रवेश नाही’ अशी पाटी लावायची वेळच सहसा आली नाही. बाईला आत घेतलं गेलं, पण कुणाची तरी म्हणून: कुणाची बायको, कुणाची आई, घोळक्यातली एक मैत्रीण. ती एकटी आली की गल्ल्यावरच्या माणसापासून शेजारच्या टेबलापर्यंत सगळे जरा अवघडतात. हे अवघडलेपण तिच्या सुरक्षिततेच्या काळजीतून येतं, अशी आपली समजूत आहे. मला ते पटत नाही. बाईला भूक लागली, एवढं कारण तिनं एकटीनं कुठे जाऊन बसायला पुरतं, हेच आपण अजून मान्य केलेलं नाही.

इराण्यांनी आणि उडप्यांनी ‘फॅमिली रूम’ काढली, ते त्या काळी पुढचं पाऊल होतं. हॉटेलात खाणं हेच जिथे वाह्यातपणाचं लक्षण मानलं जाई, तिथे लाकडी पार्टिशन, झुलतं अर्धं दार किंवा पडदा, नाहीतर माळ्यावर नेणारा अरुंद जिना, एवढ्या आडोशावर चांगल्या घरच्या बायका निदान डोसा खायला बाहेर पडू शकल्या. मात्र त्या खोलीत टेबल चौघांचं असतं आणि नावही कुटुंबाचं. एकटी बाई तिथे कुणी कल्पिलेलीच नाही. (बारच्या पाटीवर ‘फॅमिली रेस्टॉरंट’ लिहितात तेव्हा तर कुटुंब चारित्र्याच्या दाखल्यासारखं दारावर टांगलेलं असतं.) एकट्या पुरुषाच्या जेवणासाठी मात्र मुंबईनं अख्खी व्यवस्था उभी केली. कोकणातून, घाटावरून आलेला गिरणी कामगार बिऱ्हाड गावी ठेवून यायचा आणि खानावळीत महिन्याचे पैसे भरून दोन वेळा जेवायचा. माटुंग्याला ए. रामा नायक यांचं श्रीकृष्ण बोर्डिंग १९४२ पासून चालू आहे; अशा बोर्डिंगांनी दक्षिणेतून आलेल्या नोकरदारांच्या पिढ्या पोसल्या. एकटा जेवणारा पुरुष केविलवाणा वाटला असेल, संशयास्पद कधी वाटला नाही. गिरणगावात त्याच्यासाठी रांधणाऱ्या बायकाच होत्या. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, ते या खानावळवाल्या बायकांना सावकारापासून सोडवून बँकेचं कर्ज मिळवून देण्यासाठी. एकट्या माणसांना जेवू घालण्यावर या बायकांचे संसार चालले. त्यांच्यातली एखादी दुपारी भाजी आणायला भायखळ्याला गेली आणि तिला भूक लागली, तर तिनं कुठे बसावं याचा विचार मात्र कुणी केला नाही.

शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी मुंबईतल्या बायकांच्या वावराचा अभ्यास करून २०११ साली ‘व्हाय लॉइटर?’ हे पुस्तक लिहिलं. घराबाहेर बाईला सतत काहीतरी काम दाखवावं लागतं, उगाच रेंगाळण्याची मोकळीक तिला नसते, हा त्यातला कळीचा मुद्दा. हॉटेलातल्या एकटीला तो लावून पाहिला तर एक कोडं पडतं. खाणं हे तर कामच आहे, आणि त्याहून खरं काम कोणतं? तरीही ते पुरेसं का ठरत नाही? कारण बाईची भूक घरातच भागायची, आणि तीही सगळ्यांची भागल्यावर, असं आपण धरून चाललो आहोत. २०२४ च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत घरातल्या बिनपगारी कामावर बाईची दिवसाला सरासरी २८९ मिनिटं जातात, पुरुषाची ८८, असं आढळलं. आणि ही सरासरी असं काम करणाऱ्यांचीच आहे, म्हणजे कशालाच हात न लावणारे त्या ८८ मध्ये धरलेलेही नाहीत. ज्या बाईच्या हाताखाली स्वयंपाकघर आहे तिनं बाहेर पैसे देऊन खावं, याचं लोकांना नवल वाटतं ते त्यामुळे. आपली रीतही पाहण्यासारखी आहे. हरतालिकेला बाईनं भूक मारली की तिचं कौतुक होतं. तुला काय खावंसं वाटतं, असं तिला आवर्जून विचारलं जातं ते डोहाळे लागल्यावर, म्हणजे ती भूक पोटातल्या जिवाची म्हणून गणली जाते तेव्हा. तेवढ्यापुरतं तिला झोपाळ्यावर बसवून पाच पक्वान्नं पुढे ठेवतात. बाळंतपण आटोपलं की तो प्रश्न पुन्हा कुणी विचारत नाही.

गौरी शिंदे यांच्या ‘इंग्लिश विंग्लिश’ (२०१२) या चित्रपटात शशी गोडबोले न्यूयॉर्कच्या कॅफेत एकटी जाते, तो प्रसंग बहुतेकांनी इंग्रजी न येण्याची फजिती म्हणून पाहिला. काउंटरवरची बाई प्रश्नांचा भडिमार करते, शशी गडबडते आणि रडवेली होऊन बाहेर पडते. भाषा आड आली हे खरंच. पण ही घरी लाडू करून विकणारी, ऑर्डरी सांभाळणारी बाई आहे. दुसऱ्याला काय हवं हे ओळखण्यात तिचा हातखंडा. स्वतःला काय हवं ते झटपट सांगायची वेळ तिच्यावर क्वचितच आली असावी. तेच प्रश्न मराठीतून विचारले असते तरी ती क्षणभर अडखळली असती, असं मला वाटतं.

सुरक्षिततेचा आक्षेप पोकळ नाही. टक लावून बघणारे असतात, मुद्दाम शेजारचं टेबल धरणारे असतात, आणि कितीतरी बायका स्वतःहून फॅमिली रूम मागतात. मागणारीला नावं ठेवण्याचं कारण नाही. तिला न विचारता वर पाठवणं ही वेगळी गोष्ट आहे. लंडनच्या फ्लीट स्ट्रीटवर एल व्हिनो नावाचा वकील-पत्रकारांचा अड्डा होता. तिथे बायकांना काउंटरपाशी उभं राहून वाइन मिळत नसे. मागच्या खोलीत बसा, आणून देतो, असं सांगत. टेस गिल आणि अ‍ॅना कूट यांनी दावा लावला आणि १९८२ साली अपील न्यायालयानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला: मागच्या खोलीत वाइन मिळत असली तरी बायकांना कमी लेखलं जात होतंच. आपल्या सर्वोच्च न्यायालयानं २००७ साली अनुज गर्ग खटल्यात, दारू दिली जाते अशा जागी बायकांना नोकरीस ठेवण्याची बंदी रद्द केली, तीही याच धर्तीवर. संरक्षणाच्या नावाखाली बाईची मोकळीकच काढून घेता येणार नाही, असा त्या निकालाचा आशय आहे. यावर कुणी विचारील, मग लोकलचा लेडीज डबा तरी कशाला? चर्चगेट-बोरिवली लेडीज स्पेशल तर १९९२ पासून धावते. पण त्या डब्यात बाई स्वतःच्या पासावर चढते. ती कुणाबरोबर आली आहे हे तिथे कुणी विचारत नाही. त्याच डब्यात बायका भाजी निवडतात, पोथी वाचतात, आणि एखादी खिडकीशी बसून एकटी वडापाव खाते, तिकडे कुणी मान वळवूनही बघत नाही. फॅमिली रूममध्ये एवढं साधत नाही.

हॉटेलमालकांची खरी अडचण निराळीच असते आणि ती ते सहसा बोलून दाखवत नाहीत. फोर्टात दुपारी एक वाजता राइस प्लेटच्या वेळेला वेटर अनोळखी माणसं समोरासमोर बसवतो. एकटा पुरुष चारांपैकी एक खुर्ची अडवतो. एकटी बाई चारही अडवते, कारण तिच्यासमोर परक्या माणसाला बसवायचं नाही असं वेटरनंच ठरवलेलं असतं. मग ती धंद्याला परवडत नाही. तिला माळ्यावर पाठवतात, किंवा ताट संपतंय न संपतंय तोच बिलाची बशी पुढे सरकवतात. ‘समोर कुणी बसलं तर चालेल का?’ एवढं तिला विचारायला काय हरकत आहे? कित्येकजणी चालेल म्हणतील. ज्यांना चालणार नाही त्यांच्यासाठी भिंतीला लागून एकेकट्याची फळी टाकता येते, आणि ती एकट्या पुरुषालाही आवडेल.

हे सगळे सुखवस्तू बायकांचे चोचले, असाही एक सूर निघतो. वस्तुस्थिती उलटी आहे. लॅपटॉप उघडून महागडी कॉफी पिणाऱ्या बाईनं आपला प्रश्न पैशानं सोडवला आहे. तिच्या बिलात कुणी न बघण्याचं भाडं धरलेलं असतं. अडते ती पाळी संपवून निघालेली नर्स, दिवसभर उभी असलेली कापडदुकानातली मुलगी, बंदोबस्तावरची शिपाई, एसटीची कंडक्टर. एसटी ढाब्यावर थांबते तेव्हा तिथलं स्वच्छतागृह धड नसेल तर बायका खाणं सोडाच, पाणीही पीत नाहीत. मुंबईत २०११ पासून ‘राइट टू पी’ची मोहीम चालवावी लागली, ती याच दुखण्यावर. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी (२०१९-२१) सांगते की बाजार, दवाखाना आणि गावाबाहेर, या तिन्ही ठिकाणी एकटीनं जाण्याची मुभा देशातल्या जेमतेम ४२ टक्के बायकांना आहे. हॉटेलाबद्दल तर त्या पाहणीनंही विचारलेलं नाही.

उरतो तो एकत्र जेवण्याच्या संस्कृतीचा आक्षेप. एकटं खाणं म्हणजे पाश्चात्त्यांचा तुटलेपणा, आपली ती पंगत, असं म्हणणारे लोक मनापासून बोलतात. पंगतीचा आनंद मीही नाकारणार नाही. पण पहिल्या पंगतीला कोण बसतं, वाढतं कोण आणि गार भात-आमटीवर शेवटी कोणाची पंगत उठते, हे विसरून तिचे गोडवे गाता येत नाहीत. शिवाय खानावळीतल्या मेंबरांमुळे आपली संस्कृती बुडाली, असं कुणी म्हटल्याचं ऐकिवात नाही. अलीकडे या आक्षेपाला एक नवं शेपूट फुटलं आहे: आता फोनवरून हवं ते घरपोच येतं, मग एकटीनं हॉटेलात जाऊन बसायचं कशाला? हॉटेलात तिला पानावर बसवून वाढतात, हवं ते गरम आणून देतात आणि खरकटं उचलून नेतात, म्हणून. पार्सलनं रांधणं वाचतं, पण डबे फोडून ताटल्या मांडायला, कुणाला किती उरलं ते बघायला आणि शेवटी ते प्लास्टिकचे डबे धुऊन फळीवर रचून ठेवायला बहुतेक घरांत तीच उठते.