वाईटपणा शेजाऱ्यानेच का घ्यायचा?

नियम मोडतो एक आणि तो पाळला जावा म्हणून वाईटपणा घेतो दुसराच. न्यूयॉर्कमध्ये बरीच वर्षे हेच चालले होते. तीन किंवा अधिक बिऱ्हाडांच्या इमारतीत अख्खे घर 30 दिवसांहून कमी मुदतीने भाड्याने देण्याला मनाई करणारा कायदा तिथल्या राज्याने 2010 सालीच केला, तरी जाहिराती थांबल्या नाहीत. मध्यरात्री जिन्यात बॅगांची खडखड ऐकून ज्याची झोप मोडली, त्यानेच तक्रार करायची. निरीक्षक येईपर्यंत पाहुणे निघून गेलेले असायचे; शेजाऱ्यांमधली अढी मात्र कायम राहायची. कायदा करून अंमलबजावणी रहिवाशांच्या गळ्यात घालणे हा माझ्या मते अन्यायच आहे.

5 सप्टेंबर 2023 पासून शहराने नव्या कायद्याची अंमलबजावणी सुरू केली. घर देणाऱ्याने शहराकडे नोंदणी करायची, पाहुणे असताना स्वतः तिथेच राहायचे, दोनहून जास्त पाहुणे घ्यायचे नाहीत. आणि नोंदणी नसेल, तर घरांचे ऑनलाइन बुकिंग करून देणाऱ्या एअरबीएनबीसारख्या कंपनीने त्या घराचे पैसेच स्वीकारायचे नाहीत. स्वीकारले तर प्रत्येक व्यवहारामागे 1,500 डॉलरपर्यंत दंड. एअरबीएनबी कोर्टात गेली, पण तिचा दावा फेटाळला गेला. या कायद्यातले मला सर्वांत पटते ते हे शेवटचे कलम. ज्याच्या हातातून पैसा जातो, त्यालाच आधी जाब विचारला गेला.

यामुळे शहरातली घरभाडी स्वस्त झाली नाहीत. शिवाय स्वतःच्या छोट्या घराचा एखादा भाग देऊन कर्जाचा हप्ता भागवणारेही यात भरडले गेले. त्यांना सवलत मिळायलाच हवी; पण तीही उघडपणे, नियमात लिहून. काणाडोळा करून दिलेली सवलत नेहमी बळकटालाच मिळते.

आपल्याला हे दूरचे वाटायला नको. गोव्यात पर्यटकांना उतरवणाऱ्यांसाठी नोंदणीचा कायदा 1982 पासून आहे, तरी बिगरनोंदणीचे व्हिला चालतात. त्यांत उतरणाऱ्यांत पुण्या-मुंबईचे आपणही असतो. रात्रभर वाजणाऱ्या गाण्यांचा आणि टँकरवर टँकर रिचवणाऱ्या जलतरण तलावांचा त्रास गावाने सोसायचा, हे बरोबर नाही. पंचायत आणि पर्यटन खाते यांनी आपले काम करावेच; पण पुढच्या सुट्टीचे पैसे भरण्याआधी मालकाकडे नोंदणी क्रमांक मागा, आणि तो मिळाला नाही तर दुसरे घर शोधा.