विसर्जन हीसुद्धा पूजाच

देवाची वस्तू टाकायची नाही, हा संस्कार आपल्या हातांत इतका मुरला आहे, की घरातली सगळ्यात दुर्लक्षित अडगळ देवघराच्या खालच्या खणात साठते. माळ्यावरची पिंपं दिवाळीला तरी हलतात. या खणापर्यंत फडकं पोचत नाही.

मिरजेच्या आमच्या घरातला तो खण मी यंदा चैत्रगौर बसवण्याआधी पूर्ण रिकामा केला. वर्तमानपत्राच्या कपट्यांत बांधलेल्या अंगाऱ्याच्या पुड्या निघाल्या. कुठली गाणगापूरची, कुठली नरसोबाच्या वाडीची, हे सांगणारं आता कुणी नाही. लग्नपत्रिकांवरून कापून ठेवलेले गणपती. काचेला तडा गेलेली दत्ताची तसबीर. आणि एका डब्यात सुपाऱ्या, कुठकुठल्या सत्यनारायणांच्या नि वास्तुशांतीच्या. त्यांना कीड लागली होती. एक चिमटीत धरली, तर तिचा भुसाच झाला.

त्या सुपारीपाशी मी फार वेळ थांबले. पूजेला बसताना हीच गणपती असते, नवग्रहांच्या मांडणीत हीच 9 ठिकाणी 9 ग्रह होते. षोडशोपचारांतला पहिला उपचार आवाहन. पण उत्तरपूजेत गुरुजी अक्षता वाहायला लावतात आणि देवांना आपापल्या स्थानी परत जायची, पुन्हा यायची विनंती करतात. त्यानंतर सुपारी ही सुपारी असते. ती गुरुजींना द्यावी, खावी, मातीत घालावी. शास्त्राने निरोपाची सोय आधीच करून ठेवली आहे. पार्थिव गणपतीला आपण ती मनापासून पाळतो, डोळे पुसत पाळतो. मग तसबिरीला, पत्रिकेतल्या चित्राला, सुपारीला ती का नाकारायची?

वन्सं शेजारी बसून बघत होत्या. म्हणाल्या, “वहिनी, म्हणजे आपण बोलावलं तर देव, नाही तर सुपारी? मग देव आपल्या मनाचाच खेळ म्हणायचा की!”

प्रश्न खरा आहे, आणि त्याला बगल देऊन खण आवरता येत नाही. मला वाटतं ते असं. जो सगळीकडे भरून आहे, तो कुठून येत नाही नि कुठे जात नाही. येतं-जातं ते आपलं लक्ष. आवाहनाने आपण ते एका सुपारीवर आणून ठेवतो, विसर्जनाने सोडवून घेतो. खणात पडलेल्या सुपारीत देव कमी झालेला नसतो. तिच्याकडे बघणारं माणूस नसतं. तिथे तिला ठेवतो ती भीती, कोप होईल म्हणून. तडकलेली तसबीर गुपचूप पिंपळाच्या पाराला टेकवून मागे न बघता निघून येतो, तीही भीतीच. त्याला विसर्जन म्हणायला माझं मन घेत नाही. ते टाकून देणंच आहे, फक्त दुसऱ्याच्या दारात.

दत्ताला हळदकुंकू वाहिलं, नमस्कार केला, मग चौकटीचे खिळे पक्कडीने काढले. काच आणि लाकूड वेगळं केलं. जुना कागद बादलीत रात्रभर भिजून सैल झाला, त्याचा लगदा जास्वंदीच्या मुळाशी घातला. अंगाराही तिथेच. पत्रिकांच्या गुळगुळीत, प्लास्टिक चढवलेल्या गणपतींना पाणी काहीच करत नाही. ते नमस्कार करून सुक्या कचऱ्यात दिले. प्लास्टरची एक लहान मूर्ती होती. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने दाखवलेल्या रीतीने ती अमोनियम बायकार्बोनेटच्या पाण्यात ठेवली. त्यातून अमोनियम सल्फेट तयार होतं, ते झाडांना खत म्हणून चालतं. तळाशी खडूच्या भुकटीसारखा साका उरतो. कृष्णेत सोडली असती, तर ती तशीच काठाला लागली असती.

अन्नपूर्णा मात्र तीन निघाल्या. आजेसासूबाईंची, सासूबाईंची आणि माझी, तिघींनी आपापल्या माहेराहून आणलेल्या. माझी पूजेत असते, बाकीच्या दोघी फडक्यात बांधलेल्या. यांचं विसर्जन नाही, यांना रोजचं पाणी हवं. आजेसासूबाईंची चिंचेने उजळून माझ्याजवळ ठेवली. सासूबाईंची वन्सं घेऊन गेल्या. त्यांच्या आईची ती.

डाक लावून तोंड बंद केलेला गंगेचा गडूही होता. तो पुसून परत ठेवला. त्याचं काम अजून व्हायचं आहे. कुठे आहे, ते मुलाला नि सुनेला दाखवून ठेवलं.