भाड्याची तारीख आणि कापसाची तारीख

आमच्या वर्धा जिल्ह्यातल्या शेतकऱ्याच्या घरात दोन पंचांगं असतात. एक भिंतीवरचं, ज्यात दर महिन्याला एक तारीख येते. दुसरं कापसाचं. मृगात पेरणी, दसरा-दिवाळीच्या आसपास सीतादही करून वेचणीला सुरुवात, मग माघ-फाल्गुनापर्यंत एकेक वेचा घरात येणार आणि गाडीत भरून बाजारात जाणार. पैसा येतो तो याच चार-पाच महिन्यांत. बाकीचे महिने पैसा फक्त जातो. त्यातही जून सगळ्यात वाईट. बी-बियाणं, खत, मजुरी एकदम अंगावर येते आणि नेमक्या त्याच महिनाअखेरीला विदर्भातल्या शाळा उघडतात.

गावात राहून हा मेळ कसाबसा बसतो. कारण गावाचे व्यवहारच पिकावर बेतलेले. सालगड्याचं साल पाडवा ते पाडवा. बटईनं वावर केलं तर मालकाचा वाटा रास झाल्यावर निघतो. पीक बुडालं तर मालकाचाही वाटा बुडतो. किराणेवाला वहीत मांडतो, कापूस गेला की वही कोरी करतो. पण पोरांच्या शिक्षणासाठी शहरात खोली घेतली, की पहिल्यांदा एक तारीख दारात उभी राहते. तिला कापूस फुटला की नाही, याच्याशी काही घेणं नसतं.

मी हिंगणघाटला कॉलेजात शिकत होतो तेव्हा आमची खोली एका विधवा बाईंच्या घरात होती. आम्ही त्यांना काकू म्हणायचो. भाडं महिन्याला चाळीस रुपये. तो काळ कापूस एकाधिकार खरेदीचा. १९७२ साली ती योजना सुरू झाली, तेव्हापासून कापूस सरकारी केंद्रावरच घालायचा. गाडी केंद्रावर लागायला वेळ, मोजमाप व्हायला वेळ आणि कापूस गेल्यावर चुकारा हाती यायलाही वेळ. तोही एकदम नाही, हप्त्यानं. म्हणजे कापसाची तारीखसुद्धा आमच्या हातात नव्हती.

बाबांनी पहिल्याच दिवशी काकूंना सांगून टाकलं, "बाई, महिन्याच्या महिन्याले जमनार नाही. कापूस गेला का मागचं सारं देतो अन् उन्हाळ्यापर्यंतचं पुढचंही देऊन ठेवतो."

काकू म्हणाल्या, "भाऊ, तुमचा कापूस येते मार्गशीर्षात. माही चूल तं रोज पेटते न!"

हे वाक्य मी पुढे अनेकदा आठवलं. शेतकऱ्याच्या अडचणीबद्दल आपण खूप बोलतो, बोलायलाच हवं. पण इथे समोरची बाईही काही सावकारीण नव्हती. दोन खोल्यांच्या भाड्यावर तिचा संसार. तिला दूधवाल्याला महिन्याच्या महिन्याला द्यावे लागत. मग प्रश्न असा पडतो, की आमच्याकडे पैसा नाही असं नाही, फक्त आत्ता नाही. तर आत्ता आणि नंतर यांच्या मधलं ओझं कोणी वाहायचं?

त्या दोघांनी मार्ग काढला. पावसाळ्याच्या महिन्यांत बाबा शनिवारी येताना तुरीची दाळ, ज्वारी, कधी मुगाच्या शेंगा आणत. काकू ते बाजारभावानं वहीत मांडत आणि भाड्यातून वजा करत. कापूस गेला की उरलेला हिशेब नगदीत. त्यावर बाबा पायलीभर तूर जास्तीची देत. काकूंनी ती वहीत मांडायला घेतली की म्हणत, "हे मांडू नका." व्याज हा शब्द दोघांनीही कधी काढला नाही. पण वाट पाहण्याची किंमत असते, हे दोघांनाही कळत होतं.

गावचे जुने व्यवहारही काही फुकट दयेचे नव्हते. पेरणीच्या दिवसांत नेलेलं धान्य रास झाल्यावर सवाईनं किंवा दिढीनं परत करावं लागे; मणाचा सव्वा मण, नाहीतर दीड मण. किराणेवाल्याच्या उधारीत भाव थोडा चढाच लागे. म्हणजे थांबणारा आपली किंमत आधीच धरून ठेवी. जो गरजवंत, त्यानेच ती भरायची. शेतसाऱ्याच्या किस्तीची तारीख आणि पिकाची तारीख जुळत नाही, म्हणून सावकाराच्या दारात जावं लागतं, ही रयतेची तक्रार तर इंग्रजी अमलापासूनची आहे.

कायद्यानं या प्रश्नाकडे कसं पाहिलं तेही बघण्यासारखं आहे. विदर्भात बरीच वर्षं मध्य प्रांत व वऱ्हाडचा १९४९ चा घरभाडे नियंत्रण आदेश लागू होता. त्यात भाडेकरूला काढण्याची परवानगी मागायला जी कारणं होती, त्यांत तीन महिन्यांचं भाडं थकणं हे एक. आणि त्याच्या शेजारी दुसरं वेगळं कारण होतं, भाडेकरू सवयीनं थकबाकीत राहणारा असणं. पुढे महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ आला, तो ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्यात थकलेल्या भाड्यासाठी लेखी नोटीस दिल्यावर नव्वद दिवस गेल्याशिवाय मालकाला घर खाली करण्याचा दावा लावता येत नाही.

नव्वद दिवस म्हणजे सोयाबीन पेरल्यापासून शेंगा भरेपर्यंतचा काळ. कायद्यानं थोडा दम धरायला शिकवलं, हे चांगलंच. पण 'सवयीनं थकबाकीत राहणारा' या शब्दांपाशी मी अडखळतो. पै न् पै देणारा, पण दर वर्षी उशिरा देणारा शेतकरी सवयीनं थकवतो, की त्याचं पीकच तसं येतं? सवय माणसाची असते. कापसाला सवय कशी म्हणायची?

माझ्या मते फरक उशिरात नाही, न बोलण्यात आहे. जो आधी सांगतो, कधी देणार ते सांगतो आणि त्या दिवशी आठवण द्यायची वेळ येऊ देत नाही, तो थकवत नाही. तो मालकाकडून मुदत मागून घेतो. जो एक तारखेला दाराला कडी लावून बसतो, तो ती मुदत चोरून घेतो. पैसे दोघांकडेही नसतात. पण पहिल्यानं समोरच्याला हो किंवा नाही म्हणायची जागा ठेवली, दुसऱ्यानं ती ठेवली नाही.

एवढ्यानं प्रश्न सुटला असता तर बरं होतं. एका वर्षी भादव्यात काकूंची मुलगी बाळंतपणाला आली आणि दिवस कठीण निघाले. काकूंनी निरोप धाडला, जमलं तर काही द्या. बोली तर कापूस गेल्यावरची होती. घरात रुपया नव्हता. बाबांनी पोळ्याला सजवलेला गोऱ्हा पुढच्याच बाजारात विकला. माय कळवळली. म्हणाली, "बोली झाली होती न कापसाची? मंग आताच काहून?"

बाबा म्हणाले, "बोली थांबायची झाली होती. पोरगी अडली असतानी थांबायची नाही झाली."

मायचं म्हणणंही खोटं नव्हतं. गोऱ्हा गेला म्हणजे दोन वर्षांनी बैल विकत घ्यावा लागणार, आणि तो लागलाच. शब्दाला चिकटून बाबा गप्प राहिले असते तरी कुणी त्यांना बेइमान म्हटलं नसतं. तरीही मला वाटतं, मुदतीचा करार दोघांची परिस्थिती तशीच राहील हे धरून होतो. ती बदलली की पुन्हा एकदा विचारावं लागतं: आत्ता, या घडीला, दोघांपैकी कोणाला थांबणं कमी जड जाईल? ज्याला कमी जड जाईल त्यानं थांबावं. त्या भादव्यात ते आम्हाला कमी जड होतं. आमचा गोऱ्हा जाणार होता. तिथे जीव अडकला होता.

आज एकाधिकार खरेदी राहिली नाही, भाडं मोबाइलवरून जातं. पण प्रश्न गेलेला नाही. जिनिंगमध्ये हंगामापुरता राबणारा मजूर, तासिका तत्त्वावर शिकवणारा आणि मानधनासाठी महिनोन् महिने वाट पाहणारा प्राध्यापक, रोजची कमाई रोज मोजणारा ऑटोवाला, या सगळ्यांची कमाई तारीख पाळत नाही. आणि घरमालकाचा बँकेचा हप्ता मात्र पाच तारखेलाच कटतो. तोही कुणाच्या तरी तारखेला बांधलेला.

म्हणून भाडेकरूला सांगावंसं वाटतं, की पैसा येईल त्या दिवशी, दुकानाची पायरी चढण्याआधी, कोरड्या महिन्यांचं भाडं बाजूला काढावं. ते पैसे आपले नसतातच. थांबणाऱ्याचे असतात. आणि ज्या मालकाचं पोट या भाड्यावर नाही, त्यानं केवळ शिस्त म्हणून एक तारखेचा हट्ट धरू नये. खोली देताना पगार किती, हे सगळेच विचारतात. पैसा कधी येतो, हेही विचारावं. तेवढ्या एका प्रश्नानं पुढचे कितीतरी अपमान टळतात.