वारीतले मरण आणि ओढवून घेतलेले मरण

पंढरीच्या वाटेवर देह पडला तर त्यासारखे भाग्य नाही, असे आपल्या संप्रदायात लहानथोर सर्वच म्हणतात. आम्हीही म्हणतो. परंतु या एका वाक्याच्या आधाराने पुष्कळ वारकरी जे करतात ते योग्य आहे काय, याचा विचार व्हावा असे आम्हाला वाटते. दिवे घाट चढताना छातीत कळ येते, घाम सुटतो, डावा हात जड होतो. आणि तरी माणूस दिंडीत कोणाला सांगत नाही. विचारले तर म्हणतो, "पित्त झालंय, होईल बरं." फारच आग्रह केला तर म्हणतो, "नेलं तर देवाच्या वाटेवर नेईल, आणखी काय पाहिजे?" हे उत्तर भक्तीचे आहे, की भक्तीच्या नावाखाली चाललेल्या हयगयीचे?

प्रथम हा रोग काय आहे ते पाहू. हृदय सगळ्या देहाला रक्त पुरविते, पण त्याच्या स्वतःच्या स्नायूचे पोषण त्याला बाहेरून वेढणाऱ्या धमन्यांतून होते. या धमन्यांच्या अस्तरात वर्षानुवर्षे कोलेस्टेरॉलचे थर साचत जातात. आरंभ पुष्कळदा तारुण्यातच होतो आणि माणसाला त्याची दादही नसते. मग एखाद्या दिवशी तो थर फुटतो, तेथे रक्ताची गुठळी धरते, वाट बंद होते, आणि त्या धमनीवर जगणारा हृदयाचा भाग मरू लागतो. झटका क्षणात आला असे आपण म्हणतो. त्याची तयारी मात्र कितीतरी वर्षे चाललेली असते.

ही तयारी कशाने होते, हे शोधण्याचे मोठे काम अमेरिकेत बोस्टन शहराजवळच्या फ्रेमिंगहॅम या गावी झाले. १९४८ साली तेथील ३० ते ६२ वर्षे वयाच्या ५,२०९ स्त्रीपुरुषांची नोंद करून त्यांना दर दोन वर्षांनी तपासण्यास आरंभ झाला. वयाबरोबर रक्तदाब वाढायचाच, त्यात काय विशेष, असे त्या काळी पुष्कळ डॉक्टरही मानीत. या गावाने तो समज मोडला. वाढलेला रक्तदाब, रक्तातील कोलेस्टेरॉल, धूम्रपान यांचा या रोगाशी संबंध स्पष्ट दिसला. पुढे २००४ साली ५२ देशांतील रुग्णांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात तंबाखू, रक्तातील मेद, रक्तदाब, मधुमेह, सुटलेले पोट, मनाचा ताण, फळे-भाज्यांची उणीव, मद्य आणि व्यायामाचा अभाव अशा नऊ गोष्टी धरल्या, तर पहिल्या झटक्याच्या एकूण धोक्याचा नव्वद टक्क्यांच्या आसपासचा भाग त्यांतच सापडला. आपल्या भारताकडच्या देशांतील लोकांना हा झटका इतरांपेक्षा पाच-सहा वर्षे आधी येतो, असेही त्यातून दिसले. म्हणजे मुलाचे लग्न व्हायचे असते, शेतीचे कर्ज फिटायचे असते, आणि कर्ता पुरुष जातो.

आता कोणी म्हणेल, "प्रारब्ध कोणाला चुकलं आहे?" खरे आहे, पण प्रारब्धाबरोबर क्रियमाणही आपण मानतो. वय वाढणे, आईबापांकडून आलेला रोगाचा कल, हे आपल्या हाती नाही. त्यास प्रारब्ध म्हणावे. कनवटीची चंची मात्र आपण स्वतः सोडतो, स्वतः चुना मळतो आणि स्वतः तोंडात टाकतो. हे क्रियमाण. गळ्यात माळ घालताना मद्य सोडले, मांस सोडले, आणि तंबाखू तेवढी राहिली, अशी माणसे प्रत्येक दिंडीत आहेत. आयाबायांची मिश्रीही तंबाखूच होय. धूर काढला नाही म्हणजे हृदयाला बाधा नाही, ही समजूत चुकीची आहे. चघळण्याच्या तंबाखूनेही झटक्याचा धोका दुपटीच्या घरात जातो. तसेच, आपण शाकाहारी, आपल्याला काय होणार, हेही खरे नाही. पापड-लोणच्याचे मीठ रक्तदाब वाढविते, आणि 'एकादशी दुप्पट खाशी' ही म्हण उगीच पडलेली नाही. गीतेच्या सहाव्या अध्यायात अति खाणारा आणि मुळीच न खाणारा, दोघेही योगाला अपात्र ठरविले आहेत, आणि माउलींनी ज्ञानेश्वरीत तो विचार आपल्या बोलीत समजावून दिला आहे.

येथे एक सावधगिरी ठेवली पाहिजे. धोका म्हणजे शिक्षा नव्हे. शंभर माणसांत काय घडते ते आकडे सांगतात. अमक्याला का झाले ते सांगत नाहीत. आयुष्यभर सुपारीही न खाल्लेल्या कीर्तनकाराला झटका येतो आणि तंबाखूचा बार भरणारा नव्वदी गाठतो. म्हणून आजाऱ्याच्या उशाशी बसून "भोगतोय आपल्या कर्माची फळं" असे म्हणणे, हे अज्ञानही आहे आणि निर्दयताही आहे.

"देह नाशवंत, त्याचे एवढे लाड कशाला?" ही दुसरी शंका. पण पुंडलिकाने काय केले? दारी आलेल्या देवाला विटेवर उभे केले आणि आईबापांची सेवा केली. ती सेवा त्यांच्या थकल्या देहांचीच होती ना? मग देहाची काळजी घेणे हीन कसे? आणि आमचा देह तरी आमच्या एकट्याचा कोठे आहे? त्यावर म्हातारी आई टेकलेली असते, लेकरे टेकलेली असतात. ज्याला आपण वैराग्य म्हणतो, त्याची किंमत जर दुसऱ्यालाच द्यावी लागत असेल, तर ते वैराग्य तपासून घेतले पाहिजे.

खरे सांगायचे तर, कळ लपविणाऱ्या पुष्कळांना मरणाची ओढ नसते. दवाखान्याचा खर्च कोण करील, आपल्यापायी दिंडीचा खोळंबा होईल, वारीचा नेम मोडेल, ही भये त्यांना गप्प बसवितात. हे दूर करणे एकट्या आजाऱ्याचे काम नाही. ते दिंडीचे काम आहे. "तू गाडीत बस, तुझी वारी आम्ही पोचवतो," असे विणेकऱ्याने किंवा चोपदाराने म्हटले, तर त्या माणसाची जीभ सुटेल.

करावयाचे ते फार नाही. निघण्यापूर्वी रक्तदाब आणि साखर तपासून घ्यावी. गोळ्या पुरतील इतक्या पडशीत ठेवाव्या. एकादशीला मधुमेहाच्या गोळीचे काय करायचे ते डॉक्टरांना आधीच विचारावे, आपल्या मनाने बंद करू नये. तंबाखू आज सोडली तर धोका एक-दोन वर्षांत पुष्कळ उतरतो, म्हणून "आता या वयात काय?" असे म्हणू नये. छातीवर दाब येऊन काही मिनिटांत न ओसरला, जबडा, पाठ किंवा हात दुखू लागला, दम लागून घाम सुटला, तर तेथेच बसावे आणि शेजाऱ्यास सांगावे. स्त्रियांत आणि मधुमेहींत नुसती मळमळ किंवा विलक्षण थकवाही असू शकतो. शेजाऱ्याने १०८ क्रमांकावर कळवावे किंवा वाटेवरच्या आरोग्यपथकाकडे न्यावे. येथे प्रत्येक घटका मोलाची आहे.

इतके करूनही मरण आले, तर ते वारीतले मरण. त्यापुढे आम्ही हात जोडतो. मरण आपल्या वाटेवर यावे असे देवापाशी मागण्याचा भक्ताला अधिकार आहे. ते हयगयीने ओढवून आणण्याचा मात्र नाही.

रामकृष्णहरि.