विचारलं तेवढंच

माहिती अधिकाराचा एक अर्ज तहसील कार्यालयात येतो, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावलेला. अमुक गटाचा सात-बारा मिळावा, एवढीच त्यात मागणी. नक्कल काढताना कारकुनाच्या लक्षात येतं, की अर्जदाराचं नाव कब्जेदारांत उरलेलंच नाही. एका फेरफाराने ते कमी झालं आहे. नक्कल हातात पडल्यावर त्या माणसाला कळेल ते एवढंच, की आपलं नाव गेलं. ते कोणत्या नोंदीने गेलं, कुणाच्या अर्जावर गेलं, हे गाव नमुना 6 मध्ये, फेरफाराच्या नोंदवहीत आहे. हितसंबंधितांना नोटीस बजावली का, हे त्या नोंदीसोबतच्या कागदांत सापडेल. कुणी हरकत घेतली असेल तर ती 6-अ मध्ये दिसेल. फेरफाराचा क्रमांक सात-बारावरच छापलेला असतो, पण त्या आकड्याचं काय करायचं हे अर्जदाराला माहीत नाही. म्हणूनच त्याने नमुना 6 मागितलेला नाही. कारकुनाला मात्र सगळं माहीत आहे, आणि अपिलाची मुदत साधारण 60 दिवसांची असते हेही. त्याने मागितलेला कागद द्यावा आणि गप्प बसावं, की आणखी एक ओळ लिहावी?

अशा टेबलावर वीस-पंचवीस वर्षं काढलेला एक अव्वल कारकून आपण समोर बसवू. तो कल्पनेतला आहे; त्याला भाऊसाहेब म्हणू. त्याचे आक्षेप तसे नाहीत. तो म्हणेल, "मागितलं ते दिलं, तीस दिवसांच्या आत दिलं, खरं दिलं. याहून जास्त प्रामाणिकपणा कुठला? माहिती म्हणजे अभिलेखात आहे ते. 'का' या प्रश्नाचं उत्तर ही माहिती नव्हे, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठानेच 2008 मध्ये म्हटलंय. सल्ला द्यायला वकील बसलेत बाहेर." भाऊसाहेबांचा कायदा बिनचूक आहे, पण त्यांनी दोन वेगळ्या गोष्टी एकत्र केल्या आहेत. नाव का कमी झालं, ते योग्य झालं का, आता अपील करावं का, हे सांगणं कारकुनाचं काम नाही, आणि ते त्याने करूही नये. पण 'ही नोंद अमुक क्रमांकाच्या फेरफाराने झाली असून ती नमुना 6 मध्ये आहे' हा सल्ला नव्हे. ते अभिलेखाचंच वर्णन आहे. माहिती अधिकार कायद्याचं कलम 5(3) जन माहिती अधिकाऱ्याला अर्ज निकाली काढण्याबरोबरच अर्जदाराला वाजवी साहाय्य करायलाही सांगतं. चुकीच्या कार्यालयात आलेला अर्ज पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवावा, असं 6(3) म्हणतं. नागरिकाने कार्यालय चुकवलं तर ते दुरुस्त करण्याची जबाबदारी कायद्याने सरकारवर टाकली. मग वही चुकवणाऱ्याला वाऱ्यावर सोडावं, असा कायद्याचा हेतू कसा मानायचा?

"पण मी निःपक्षपाती राहायचं की नाही?" ते विचारतील. "याला वही दाखवली, तर ज्याने नाव कमी करून घेतलं त्या चुलत्याच्या विरोधात मी उभा राहिलो." हा आक्षेप सगळ्यांत वजनदार आहे, आणि नेमका याच ठिकाणी तो उलटतो. चुलत्याला ती वही माहीत आहे. फेरफार त्यानेच लावून घेतला. त्याच्यामागे वकील असेल, निदान कचेरीतली ओळख तरी. दोघांपैकी एकालाच दप्तराची वाट ठाऊक असताना कारकून गप्प बसला, तर ते मौन तटस्थ राहत नाही. 1883 च्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये जोतीराव फुल्यांनी दाखवलं ते हेच, की अडाणी शेतकरी कचेरीत नाडला जातो, कारण कागद कुठे आणि कसा फिरतो हे त्याला कळत नाही आणि तिथल्या कारकुनांना कळतं. त्या काळी लुबाडणूक होती. आपले भाऊसाहेब एक पैसाही घेत नाहीत. मात्र अज्ञानाची किंमत अर्जदारालाच मोजावी लागते, ती तेव्हासारखीच. समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबरने तर कचेरीतली गुप्तता ही नोकरशाहीचीच खास निर्मिती मानली होती. निःपक्षपातीपणा पाळायचा तर उपाय सोपा आहे: जी ओळ पुतण्याला लिहिली, तीच चुलत्याच्या अर्जावरही लिहावी.

मग येतो त्रासदायक अर्जदारांचा मुद्दा. तो खोटा नाही. रोज अर्ज टाकून कार्यालय वेठीला धरणारे आहेत, खंडणीसाठी अर्ज करणारेही आहेत, आणि सर्वोच्च न्यायालयाने 2011 च्या एका निकालात कर्मचाऱ्यांचा बहुतेक वेळ माहिती पुरवण्यातच जाऊ नये असा इशारा दिला आहे. पण खंडणीवाल्याला वही कुठली हे सांगावं लागत नाही. ढिगाने कागद मागतो तो बहुधा ज्याला नेमकं काय मागावं ते माहीत नाही तो: 'गेल्या दहा वर्षांतील सर्व कागदपत्रे'. त्याला नोंद क्रमांक सांगितला, तर दोन रुपये पानाच्या दराने दोन पानांत काम भागतं. नाही सांगितला, तर पुढचा अर्ज, प्रथम अपील, मग माहिती आयोग. कामाचा हिशेब केला तरी ती एक ओळ स्वस्त पडते.

शेवटी भाऊसाहेब मनातलं बोलतील. "माझा गोपनीय अहवाल अर्जदार लिहीत नाही, साहेब लिहितात. लिपिकाचा अव्वल कारकून, अव्वल कारकुनाचा नायब तहसीलदार. या पायऱ्यांवर तुमची ओळ कुठे मोजली जाते?" कुठेच नाही, हे मान्य करावं लागतं. न मागितलेली वही न दाखवल्याबद्दल दंडही नाही. रोजचे 250 रुपये, कमाल 25,000, हा दंड मागितलेली माहिती विनाकारण रोखणाऱ्याला. मात्र नोकरीची इतकी वर्षं कशाच्या जोरावर काढली, हा प्रश्न पदोन्नतीच्या यादीबाहेरचा आहे. पूर्वी कारकुनाचा मान 'कागद याच्याकडेच सापडतो' यावर होता. आता डिजिटल स्वाक्षरीचा सात-बारा माणूस मोबाईलवर काढतो; मागितलं तेवढंच देण्याचं काम यंत्र कारकुनापेक्षा चोख करतं, आणि त्याला अहवालाची भीतीही नाही. यंत्राला न जमणारी गोष्ट एकच: या अर्जामागे कोणता प्रश्न आहे आणि तो कोणत्या वहीत सुटतो, हे ओळखणं. हे यायला वर्षं लागतात. ते येत असूनही वापरायचं नाही, असं ठरवणारा कारकून आपली सगळी कमाई टेबलाच्या खणात कुलूपबंद ठेवतो.

आणि साहेब? त्यांच्याशी भांडायची गरज नाही. कारकुनाच्या हातात टिपणी आहे. 'अर्जदाराने सात-बारा मागितला आहे. सदर नोंद फेरफार क्र. अमुकने झाल्याचे दिसते. त्याची नक्कल हवी असल्यास मागता येईल, असे कळवण्यास हरकत नाही. आदेशार्थ सादर.' साहेबांना ते नको असेल, तर त्यांनी त्याखाली तसं लिहून सही करावी.