घाईचे लाकूड

ज्या वृक्षास आपण निलगिरी म्हणतो, तो मूळचा ऑस्ट्रेलिया देशाचा. 1843 साली तो निलगिरी पर्वतावर लाविला गेला, आणि त्या पर्वताचेच नाव त्यास मराठीत मिळाले. त्याची वाढ फार जलद. पाच-सहा वर्षांतच त्याचे वासे निघतात. परंतु एवढ्या कोवळ्या खोडाच्या फळ्या पाडिल्या, तर अंतरीच्या ताणाने त्या चिरतात व वाकतात. म्हणून ज्यास दारांसाठी लाकूड हवे, तो झाडांची दाटी विरळ करून त्यांस आणखी पुष्कळ वर्षे वाढू देतो, आणि फळ्या सावलीत हळूहळू वाळवितो.

उपदेशक बंधूंनो, मंडळीतही असेच घडते. एखादे कुटुंब उत्साहाने बाप्तिस्मा घेते, आणि लगेच आपण त्याजवर मंडळीचा भार टाकितो. मग भाऊबंदांनी संबंध तोडिले किंवा घरात मूल दगावले, म्हणजे ते कुटुंब खचते. आणि आपण त्यालाच दोष देतो! मूळ नसलेल्या अशा विश्वासाविषयी प्रभूने लूक 8:13 मध्ये सांगितले आहे. दोष जलद वाढण्यात नाही, घाईने कापण्यात आहे. ह्याच आठवड्यात अशा एका घरी जा. काही मागू नका, त्यांजबरोबर प्रार्थना करा. प्रभूने आपल्याविषयी किती धीर धरिला आहे!